उसासवेलीचं कलम

नर्सरीत तिला सगळे कलमवाली म्हणत आणि तिलाही ते आवडे. अठ्ठावीस वर्षं ती गुलाबाचे डोळे भरत होती. जातिवंत झाडाच्या काडीवरचा तांदळाएवढा डोळा सालीसकट अलगद काढायचा, रानटी गुलाबाच्या खुंटाच्या सालीला चीर देऊन आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. शंभरातले नव्वद लागत. गेल्या हंगामात चाळीसच लागले. तिनं खुंटांना नावं ठेवली, पाण्याला ठेवली, हवेलाही ठेवली. उजव्या हाताला कंप सुटलाय, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. घरी कप दोन्ही हातांनी धरलेला पाहून सून विचारी, "आई, गार वाटतंय का?" "हो" म्हणून ती मोकळी होई.

शनिवारी मालकानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी आणली. पाडायला काढलेल्या कुठल्याशा घराच्या भिंतीवरचा पिवळा गुलाब होता. घर पडलं, झाडही गेलं, उरली ही एवढीच काडी, आणि तिच्यावर जिवंत डोळे तीन.

"सोमवारी सकाळी भरू या," मालक म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार?"

तिनं उजवा हात पदराआड नेला.

रविवारी दुपारी सुनेचा खेळ असे. जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच मित्र-मैत्रिणी जमत. सून एक अद्भुत मुलूख रचून सांगे, बाकीचे त्यातली माणसं होत, आणि काही अडलं की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लागे. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. 'घोडे झाले तरी भातुकली सुटत नाही,' असं कलमवालीचं त्यावर मत होतं. त्या दिवशी तिच्या मुलाला अचानक कामावर बोलावलं आणि त्याची खुर्ची रिकामी राहिली.

"आई, तुम्ही बसा ना. त्याचं पात्र म्हणजे झाडपाल्याची जाणकार म्हातारी."

"माझा मुलगा म्हातारी होतो?"

"तुमच्यावरूनच बेतलीय," सून हसत म्हणाली. "जराशी तोंडाळसुद्धा आहे."

"मग जमेल मला," म्हणत ती बसली.

खेळातलं एक गाव गोठणझोपेत पडलं होतं. उपाय एकच, उसासवेलीचं पान. हात लावला की ती वेल उसासा टाके, आणि साऱ्या मुलखात ती एकाच झाडावर उरली होती. तेही झाड वाळत आलेलं.

"उपटू आणि पळू," दाढीवाला मित्र म्हणाला. खेळात तो तलवारबहाद्दर होता.

"उपटू?" कलमवाली कडाडली. "एकुलती एक वेल उपटतोस? पानं संपली की पुढच्या गावानं काय करायचं? काडी काढायची आणि दुसऱ्या झाडावर बांधायची. साल सुटते का तिची? चीक येतो का?"

सुनेनं याचा विचारच केला नव्हता. "सुटते," ती म्हणाली. "चीक निळा येतो. पण काम नाजूक आहे, आई. म्हातारीनं सांगायचं आणि दुसऱ्या कुणी कापायचं, असं केलंत तर दोन फासे मिळतील. त्यातला मोठा आकडा धरू."

"काकू, माझा हात स्थिर आहे," दाढीवाला म्हणाला. "हे बघा, माझ्या पात्राच्या कागदावर लिहिलंय."

"तलवारीनं डोळा काढणारेस? माझं कलम मीच बांधते."

तिनं फासा हातात घेतला. हात थरथरला, पण फासा हलवताना कुणाला काय कळणार! "काकू काय मस्त खुळखुळवतात," दाढीवाल्यानं दाद दिली. फासा गडगडत मिठाच्या डबीला अडला.

तीन.

"काडी चिरली," सून हळू आवाजात म्हणाली. "वेलीनं एक लांब, शेवटचा उसासा टाकला. मग काहीच ऐकू आलं नाही."

"असू दे गं, पाहुण्या आहेत. पुन्हा टाकू दे," कुणीतरी म्हणालं.

सुनेनं सासूकडे पाहिलं. "तीन म्हणजे तीन. हो ना, आई?"

"तीनच," ती म्हणाली. सुनेनं भीड ठेवली नाही, हे तिला कुठेतरी आवडलं. पण जेवताना मन त्या वेलीतच अडकलं. एक वेल, तीही खोटी! आणि दुसरा फासा आपण का घेतला नाही, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

सोमवारी मालक काडी देऊन फोनवर बोलत बाहेर गेला. बाकावर समोर डावरी होती. बारा वर्षं तिथं कामाला असलेली, चाळिशीची. डावखुरी म्हणून कलमवालीनं तिच्या हाती कधी चाकू दिला नव्हता. "उलट्या हाताचं कलम उलटं वाढेल," असं म्हणून ती हसे, आणि डावरी निमूट पट्ट्या गुंडाळे.

कलमवालीनं पहिला डोळा काढायला घेतला. पातं थरथरलं आणि डोळ्याच्या मधोमध गेलं.

दोन राहिले.

डावरीनं पाहिलं आणि घाईनं पट्ट्यांच्या रिळावर मान खाली घातली. तिला कधीपासून माहीत होतं, हे त्या मान खाली घालण्यातूनच कलमवालीला कळलं.

"ये इकडे. बस."

"मी?"

"नाही, मालकांना बसवते! धर चाकू."

"बाई, माझा हात डावा..."

"थरथरतो का?"

"नाही."

"मग झालं तर. डोळ्याच्या खाली बोटभर जागा सोड. दाबू नको, पातं नुसतं चालू दे. हां. आता साल उचल... अगं, श्वास घे, मरशील!"

डावरीचा चाकू उलट्या दिशेनं चालला, पण काप स्वच्छ आला. खुंटाच्या सालीत डोळा बसला. मग दुसराही बसला. पट्टी कलमवालीनं गुंडाळली. बारा वर्षांत पहिल्यांदाच. ती जरा वेडीवाकडी झाली.

"सैल झालीय, बाई," डावरी बिचकत म्हणाली.

"दिसतंय मला. घट्ट कर."

संध्याकाळी सुनेनं चहा पुढे केला. कलमवालीनं कप दोन्ही हातांनी धरला.

"आई, गार वाटतंय का?"

"नाही," ती म्हणाली. "हात थरथरतो. वर्ष झालं. आज एक डोळा माझ्या हातून गेला. दोन डावरीनं भरले. लागले की नाही ते तीन आठवड्यांनी कळेल."

सून शेजारची खुर्ची ओढून बसली.

"डॉक्टरकडे उद्या जाऊ," ती म्हणाली.

"परवा. उद्या डावरीला खुंट निवडायला शिकवायचंय." तिनं चहाचा घोट घेतला. "आणि काय गं, त्या वेलीचं बी कुठे पडलं असेल का?"

"शोधावं लागेल."

"मग रविवारी तुझ्या नवऱ्याला सांग, स्वतःला दुसरी खुर्ची आण म्हणावं. ती आता माझी."