एकविसाव्या पानावरच्या वाचक

रत्नप्रभाताईंशी माझी पहिली ओळख ओरडा खाऊन झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे लिहायला संकोच कसला? कर्जतच्या आमच्या वाचनालयात तो ओरडा न खाल्लेला वाचक शोधून सापडायचा नाही. लग्न होऊन मी नुकतीच पळसदरीला आले होते. सासूबाईंची पुस्तकं बदलून आणणं माझ्याकडे होतं, आणि वाचलेलंच पुस्तक नेलं तर त्या आल्या पावली परत पाठवायच्या. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी एकविसाव्या पानावर शाईनं मासोळी काढत होते, इतक्यात ग्रंथपालांच्या टेबलावरून आवाज आला, "पुस्तक हाय का भिंत गं?" मी कारण सांगितलं. ताई हसल्या. "मग पेन्सिलीनं कर. आनि बारीक कर."

एकविसावं पान ही तिथली जुनी चाल होती. प्रत्येक बाईची खूण वेगळी: कुणाची टिकली, कुणाचा कंगवा. खूण दिसली की पुस्तक वाचलेलं. ताईंना सगळं ठाऊक होतं, राग नुसता वरवरचा.

पुढं मी त्यांच्याच हाताखाली कामाला लागले. फाटलेलं पान त्या स्वतः चिकटवायच्या, आणि ते वाळेपर्यंत आम्हांला पंखा लावायची बंदी! सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा दूधवाल्याच्या रिकाम्या किटलीतून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ताईंनी दर आठवड्याला पुस्तक धाडलं. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

मग अभ्यासिकेचा विषय निघाला. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना जागा हवी होती, म्हणून कादंबऱ्यांची दोन कपाटं रद्दीत काढायचं समितीनं ठरवत आणलं. अध्यक्ष म्हणाले, "वाचतंय कोण आता हे? नोंदवहीत तर चार नावं." ताईंनी मात्र शांतपणे पुस्तकांची चळत टेबलावर ठेवली आणि एकेकाचं एकविसावं पान उघडलं. "कार्ड एक, पन वाचते आख्खी आळी. ह्या बाया तुमच्या वहीत नाय."

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. एका कंगव्यावर त्यांचं बोट थांबलं. "हा कंगवा... आमच्या घरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला हाय!"

अध्यक्षांच्या पत्नी शेजारणीच्या कार्डावर वर्षानुवर्षं वाचत होत्या आणि यांना पत्ता नव्हता. समिती खो खो हसली, अध्यक्षही हसले. कपाटं राहिली, अभ्यासिका व्हरांड्यात गेली. ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी घरोघरी अर्ज धाडले आणि बायकांना स्वतःच्या नावाची कार्डं दिली. सासूबाईंनी आपलं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलंय.

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहिते. पण परवा सासूबाईंनी दिलेला निरोप मला जास्त खरा वाटतो: "ताईंना सांग, तब्येतीला जपा. माजं एक कपाट अजून वाचायचं हाय."