मेंदूतली आठ नंबरची चिठ्ठी

रायगड जिल्ह्यातल्या तमाम विवाहित पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बायकोच्या मेंदूत नवऱ्याच्या नावाची नेमकी जागा कोणती, याचा शोध लागला होता. भर ऑपरेशन थिएटरात, तज्ज्ञांच्या साक्षीने लागला होता. त्या जागेवर आठ नंबरची चिठ्ठीसुद्धा लावली होती. कपातला चहा निवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो शोध टिकला. त्यात सिंहाचा वाटा माझा होता. कृपया सत्कार करू नये.

मी स्पीच थेरपिस्ट. अलिबागला माझं छोटं क्लिनिक आहे. अडखळत बोलणारी मुलं, पक्षाघाताच्या झटक्यानंतर वाचा गेलेली माणसं, हे रोजचं काम. अधूनमधून मी मांडव्याहून बोट पकडते, मुंबईला जाते आणि एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या ऑपरेशनमध्ये पेशंटच्या उशाशी बसते. पेशंट तेव्हा जागा असतो. दचकू नका. कवटी उघडताना त्याला झोपवलेलं असतं, मग उठवतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते.

उठवायचं कारण असं. बोलणं मेंदूत एका जागी राहत नाही. शब्द शोधणारा भाग एकीकडे, तो जिभेवर आणणारा दुसरीकडे, आणि मधे रस्ते. मुंबईच्या रस्त्यावर वडखळला ट्रॅफिक तुंबला की अलिबागच्या हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या राहतात, तसंच इथे. रस्ता कापला गेला तरी शब्द पोचत नाही. शिवाय प्रत्येकाचा नकाशा थोडा वेगळा. म्हणून सर्जन बारीक करंट एकेका जागी टेकवतात. ती जागा क्षणभर झोपते. त्याच वेळी मी स्क्रीनवर चित्र दाखवते. नारळ, चावी, होडी. पेशंटने चार सेकंदांत नाव सांगितलं, तर ती जागा मोकळी. अडला किंवा भलतंच बोलला, तर पुन्हा तपासायचं. तीनदा अडला की तिथे नंबराची चिठ्ठी. चिठ्ठीच्या जागेला सुरी लागत नाही. याला मॅपिंग म्हणतात.

आता हिराबाई. रेवदंड्याकडच्या. बाजारात मासळी विकायच्या. डाव्या कानाच्या आतल्या अंगाला गाठ निघाली. गिऱ्हाइकांची नावं आठवेनाशी झाली तेव्हा लेकीने तपासायला आणलं.

"डॉक्टर काय म्हनतान, गाठ काढतील," त्या मला क्लिनिकात म्हणाल्या. "पन नावं ऱ्हातील ना, मॅडम? आमच्या धंद्यात सुरमई सगल्यांकडं असते. 'या, जोशीकाकू, तुमच्यासाठी ठेवलीय' असं म्हनावं लागतं. नाव गेलं का गिऱ्हाईक गेलं."

तेच तर धोक्यात होतं. माणसांची नावं बरीचशी त्याच भागातून येतात, जिथे ती गाठ होती. म्हणून सर्जन मला म्हणाले, "मॅडम, होडी-नारळ ठीक है. घरचे फोटोही घ्या. लेक, भाऊ, शेजारी, नवरा." सर गुजराती गृहस्थ. हात देवाचा, मराठी बाजारापुरतं.

ऑपरेशनआधी आम्ही सगळी चित्रं एकदा पेशंटकडून बोलून घेतो. जे न अडखळता येतं तेच घ्यायचं, हा नियम. हिराबाई भराभर सांगत गेल्या. लेकीचं नाव, भावाचं नाव. शेजारणीच्या फोटोवर तर नावाच्या पुढे दोन शिव्याही आल्या. मग नवऱ्याचा फोटो आला. होडीला टेकून उभे असलेले, उन्हात डोळे बारीक केलेले. हिराबाईंनी पदर सावरला, मान तिरकी केली आणि म्हणाल्या:

"खाडीला आलं भरतीचं पानी, दामोदररावांचं नाव घेते, मी त्यांची रानी!"

लेक हसली, मी टाळ्या वाजवल्या. काय तो ठसका! वाचा ठणठणीत, यमकसुद्धा जागेवर. मी तो फोटो पास केला. उखाण्याला किती वेळ लागला हे घड्याळात पाहायचं मला सुचलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्या बाईच्या हातात घड्याळ कुठून असणार?

ऑपरेशनचा दिवस. हिराबाईंना उठवलं.

"हिराबाई, कुठे आहात?"

"तुमच्या तावडीत," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण धार शाबूत.

काम सुरू झालं. नारळ, होडी, चावी. लेक. भाऊ. काही जागी अडल्या, तिथे चिठ्ठ्या लागत गेल्या. सात झाल्या. सर गाठीच्या पुढच्या टोकाशी आले. तिथला तुकडा निघाला, तर गाठ जवळजवळ सगळी निघणार होती. राहिला, तर तो पुन्हा वाढणार आणि हिराबाई पुन्हा याच टेबलावर येणार. सरांनी करंट टेकवला. मी बटण दाबलं. स्क्रीनवर दामोदरराव आले.

"खाडीला आलं..." हिराबाईंनी सुरुवात केली.

चार सेकंद संपले. पुढचं चित्र आपोआप आलं.

"यह क्या बोली?" सरांनी विचारलं. "खाडी? फोटो तो आदमी का है. भलतंच बोलते. फिरसे."

तेव्हाच सांगायला हवं होतं हो मी! तो उखाणा मी आधी ऐकलाही होता. पण थिएटरात मी कामाच्या धुंदीत असते, आणि माझ्या शिकलेल्या डोक्यानेही तेच उत्तर दिलं: विचारलं एक, बोलली दुसरं, म्हणजे खूण पक्की. मी फोटो पुन्हा लावला.

या वेळी हिराबाई गप्प.

तिसऱ्यांदा स्क्रीनवर थांबवूनच ठेवला. गप्पच. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मला वाटलं, डोळ्याजवळची पट्टी टोचतेय.

"स्पीच अरेस्ट," सर म्हणाले. म्हणजे वाचा थांबली. "तीनो बार. कन्फर्म, मॅडम?"

"कन्फर्म," मी म्हणाले. खणखणीत आवाजात म्हणाले. हा शब्द आठवला की आजही मी घरात एकटी असले तरी पदराने तोंड झाकते.

आठ नंबरची चिठ्ठी लागली. "यह पीस छोडना पडेगा," सर सिस्टरना म्हणाले आणि हात मागे घेतला.

आणि मग, करंट नाही, नवं चित्र नाही, कोणी काही विचारलेलं नाही, अशा वेळी हिराबाई बोलल्या. एकच वाक्य. इतक्या मोठ्याने, की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई स्टुलावरून उठल्या. काय बोलल्या ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं, तर तुम्ही हसत बसाल आणि माझी फजिती अर्धीच वाचाल.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मास्कचा शोध जंतूंसाठी लागला असं म्हणतात. मला शंका आहे.

"सर, चिठ्ठी काढा," मी म्हणाले. "त्यांची वाचा थांबलेली नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही. उखाण्यात घेते. आधी एक ओळ, मग नाव. चार सेकंदांत आधीची ओळच होते."

"दुसरी बार तो कुछ बोलीही नही."

"तोच उखाणा पुन्हा कसा घेणार? दुसरा रचायला हवा ना!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, पण ते पुरेसे होते. "मॅडम, तुमचे हजबंडचा नाव काय?"

"आमचे हे..." मी सुरुवात केली आणि थांबले. मी चौलची, म्हणजे रेवदंड्याच्या बाजूचीच. दोन पदव्या, मुंबईत शिक्षण, वाचेवर भाषणं. आणि लग्नापासून घरात हाक कायम 'अहो'.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "स्पीच अरेस्ट," ते म्हणाले. सगळं थिएटर हसलं. मी पण हसले. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

पण खरी लाज त्यानंतर आली. मी पहिल्यांदा हिराबाईंकडे नीट पाहिलं. सकाळी मंगळसूत्र उतरवून ठेवलेलं, कुंकू पुसलेलं, अर्धे केस भादरलेले. अवतीभवती अनोळखी पुरुष. आणि समोर हाताएवढ्या अंतरावर तिचा माणूस, होडीला टेकलेला, आणि एक शिकलेली बाई पुन्हा पुन्हा विचारतेय, हा कोण, सांग लवकर. मी तिच्या मेंदूच्या आत बघत होते. तिच्या कपाळाकडे बघायचं राहून गेलं.

"चुकलं माझं, हिराबाई," मी तिच्या कानाशी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या बाय," ती म्हणाली. "त्यांना तिकडून हलवा आधी. उन्हात हायेत मघापासून."

मी फोटो स्क्रीनवरून हटवला. आठ नंबरच्या जागी सरांनी पुन्हा करंट टेकवला, आणि मी लेक, भाऊ, शेजारीण दाखवली. तिन्ही नावं चार सेकंदांच्या आत आली. शेजारणीचं विशेषणांसकट. चिठ्ठी निघाली, मग तुकडा निघाला.

हिराबाई आता पुन्हा बाजारात बसतात. काही जुनी गिऱ्हाइकं त्यांना आठवायला वेळ लागतो. त्यांना त्या "काकू" म्हणून भागवतात आणि भाव तोच लावतात. मला मात्र नावाने हाक मारतात, आणि ताज्या मासळीबरोबर फजितीची आठवण फुकट देतात.

धडा विचाराल तर साधा आहे. नियम लिहिताना 'न अडखळता' एवढं पुरत नाही. किती वेळात, हेही पाहावं. त्यामुळे विवाहित बायकांसाठी मी नवऱ्याचा फोटो आता ठेवत नाही. सुनेचा ठेवते. सुनेचं नाव चार सेकंदांच्या खूप आत येतं.

आणि हो, ते वाक्य. सात चिठ्ठ्या डोक्यात, आठवी नुकती लागलेली, आणि हिराबाई छताकडे बघत कडाडल्या:

"जरा दम धरा की! नवऱ्याचं नाव हाय ते, बोंबलाचा भाव न्हाय!"