ताक्याची शाई

सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी, म्हणजे हातगाडी आहे. तिथं माझा एक शेजारी रोज युद्ध लढतो. मोबाइल ग्लासाला टेकवून बातम्या लावतो, मांडीवर थाप मारतो आणि ओरडतो, "अजून दोन बॉम्ब टाका! असं थोडंथोडं काय टाकता?" चहा निवेपर्यंत यानं एखादा देश बेचिराख केलेला असतो. मी चौथी नापास आहे, पण याच्याइतका अडाणी नाही.

एकदा बातम्यांत लहान पोरं दिसली, पळापळीत आईबापांपासून तुटलेली. एका पोरीच्या दंडावर आईनं फोन नंबर लिहिला होता, पण घामानं निम्मे आकडे पुसले गेले होते. याचा उचललेला हात मांडीवर आलाच नाही. चहा तसाच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची नात शाळेतून रडत आली. दंडावर काळाभोर नंबर! कारखान्यात कापडाच्या ताक्यावर खूण करायची शाई यानं वापरली होती. ती रंगाच्या उकळत्या पाण्यातही जात नाही. बाईंनी साबणानं घासून दंड लाल केला, नंबर जागच्या जागी.

मी म्हटलं, "का रे, सुरतेवर कोण चाल करून येतंय? तुला तर युद्ध पाहिजे होतं ना?"

"तिकडं पाहिजे, आप्पा," तो म्हणाला. "इकडं कशाला?"

आठ-दहा दिवसांत नंबर फिकट झाला. काल पाहिलं, तर पोरीच्या दंडावर पुन्हा ताजा होता. आणि हा लारीवर बसून ओरडत होता, "अजून दोन टाका!"