तोंडातून गेलेला ‘हो’

शिवाजीनगरात अप्पासाहेबांचं बेअरिंगचं दुकान. तिथं एकच कायदा, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. माल नसला तरी “आहे की अण्णा, स्वल्प बसा” असं अर्ध्या कानडीत थोडं थांबायला म्हणायचं, कॉफी पाजायची आणि मागच्या दारानं शेजारच्याकडून आणून द्यायचा. त्यांची पोरगी नयना त्या काउंटरवरच वाढली. एमटेकचा अभ्याससुद्धा तिथंच केला.

आता ती पीएचडीच्या मुलाखतीला बाकावर बसली होती. ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि तिचं हे तिसरं. दोनदा नाव लागलं नव्हतं. आज हुकलं तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, आणि घरात तेवढा दम कुणात नव्हता.

“बिस्कीट खा,” सोबत आलेला चुलतभाऊ विठोजी म्हणाला.

“नको.”

“मग मी खातो. मुलाखत तुझी, पोट माझं बिघडलंय.”

ती हसली नाही. आतून हाक आली होती.

आत हेमावती मॅडम आणि प्रदीपकुमार सर. सुरुवातीचं धडाधड गेलं. एका जर्मन ग्रुपचा पेपर वाचलाय का, तर ‘हो’. मग मॅडमनी विचारलं, “बेअरिंगमधला तेलाचा थर मध्येच फाटतो. त्याचं गणित केलंय?”

“हो,” नयना म्हणाली. डोकं चालायच्या आधी जीभ चालली.

“छान. फळ्यावर मांडा.”

तिनं खडू उचलला. पहिलं समीकरण आलं, दुसरं अर्धं आलं, आणि हात थांबला. पाठीमागे सरांचं पेन टेबलावर टकटक वाजत होतं. इथं मागचं दार नव्हतं.

“वेळ हवाय?” मॅडम म्हणाल्या.

हवाय म्हणून अजून थोडं रेटता आलं असतं. तिनं खडू खाली ठेवला.

“केलेलं नाही, मॅडम. थर फाटतो एवढं माहितीये. उगाच हो म्हणाले.”

सर पुढे झुकले. “आणि आणखी कशाकशाला उगाच हो म्हणालात?”

कानशिलं तापली, पण सुरू केलंच होतं. “तो जर्मन ग्रुपचा पेपर वाचला म्हणाले, तो अर्धाच वाचलाय. बाकी सगळं खरं.”

मॅडमनी फक्त फळ्याकडे बोट केलं. “गणित राहू दे. फाटेल कुठं ते सांगा.”

तिनं दाबाची रेघ काढली. दांडा आणि बेअरिंगमधली फट रुंद होते तिथं दाब उतरतो, तिथंच फाटेल. का? सांगितलं. ते का? तेही सांगितलं. एकदा चिन्ह चुकलं, स्वतःच पुसलं. ‘का’ संपेचनात.

शेवटी सर म्हणाले, “तुम्ही आधी प्रोजेक्टवर पगारी कामाला या. पीएचडीचं पुढच्या वर्षी बघू.”

हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं घरात सगळेच म्हणाले असते. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी माझा स्कोअर राहत नाही, सर. मला पीएचडीच हवी.”

“कळवू.”

पुढचे दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. भांडण नव्हतं, भीती होती. यादी लागली तेव्हा विठोजीनं फोन हिसकावून घेतला आणि खाली, खाली, एकदम तळाला गेला. नाव होतं. पुढे हेमावती मॅडमची लॅब.

“सगळ्यात शेवटी का?” अप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

“अर्जाच्या नंबरानं लावलीये काका,” विठोजी म्हणाला. “हिनं अर्जच शेवटच्या दिवशी भरलाय. नाव लागलंय, आता तरी पोरीकडे बघा जरा.”