चालू मशीनला हात लावायचा नाही

लिनक्सच्या परीक्षेत मी नापास झाले. तेव्हा मला स्वतःचा राग कमी आणि आमच्या कारखान्याचा जास्त आला, तो अजून गेलेला नाही.

सिल्वासातल्या त्या सूतकारखान्यात सर्व्हर सांभाळणारी मी एकटी, पण हुद्दा ऑपरेटरचा. परीक्षा पास झालीस तर ॲडमिन करू, नाहीतर मुंबईहून कुणाला तरी आणू, असं आमच्या गुजराती साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून जवळच्याच आमलीतल्या माझ्या खोलीवर स्वयंपाक उरकला की जुना लॅपटॉप उघडून बसायचे.

आमच्याकडे सर्व्हर कधीच बंद करायचा नाही, असा दंडक. दसऱ्याला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. माळ वाळून खडखडीत झाली तरी कुणी काढायचं नाही. एकदा म्हटलं, सुट्टीच्या दिवशी बंद करून पुन्हा चालू करून बघू या. साहेब हादरलेच. "बेन, चालू मशीनला हात नाय लावायचा. बगडी गयुं तो? बिघडलं तर?"

मग काय, दुरुस्ती चालत्या मशीनवरच करायची आणि चाललं की उठायचं. मशीन बंद होऊन पुन्हा उठल्यावर ती दुरुस्ती टिकेल का, हे बघायची सोयच नव्हती.

परीक्षेत नेमकं तेच बघतात. वेळ संपली की मशीन बंद करून पुन्हा चालू करतात, आणि जे टिकलं त्याचेच गुण. पुस्तकात हे होतं, मी वाचलंही होतं. पण डिस्क जोडली, मशीनवर सतत चालणारी सेवा सुरू केली, सगळं धडाधड चाललं आणि सवयीने मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. मशीन उठल्यावर हे आपोआप सुरू व्हावं, एवढं सांगून ठेवायचं राहिलं.

"एवढं वरस सर्व्हर सांभाळते, अन् नापास कशी?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. संतापाने माझे कान तापले.

पुन्हा फी भरली. परीक्षा आठवड्यावर आली असताना कारखान्यातली वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला आणि सर्व्हर आडवा झाला. उठला, पण अर्धामुर्धा. गेटवर माल भरलेले ट्रक उभे, बिलं निघेनात. साहेब माळेकडे बघत हात जोडून उभे.

मी एकेक गोष्ट टिकेल अशी बसवली. सगळं चालू झालं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ते ओरडले. मी खुर्चीतून हलले नाही. सर्व्हर उठला, सगळ्या सेवांसकट, माझा हात न लागता.

मग मी परीक्षेसाठी एका दिवसाची सुट्टी मागितली.

"आता परीक्षा कशाला, बेन? मशीन तर चालू झालं ना!"


मी वाळलेली माळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सुट्टी मागत नाही, साहेब. सांगून जातेय."