दारात उभी कडूबाई

कडूबाईला मुलाखतीला बोलावलंय, ही बातमी तेरखेड्यात पसरली तशी चार माणसं खो खो हसली. हसू द्या, त्यांच्या बापाचं काय जातंय? सातवी पास बाई, वय सेहेचाळीस, फटाक्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं नळकांड्यांत दारू भरतेय, आन् आता म्हणे तिला सुपरवायझर व्हायचंय! जाहिरातीत तर स्वच्छ लिहिलं होतं, बारावी पास पाहिजे. कडूबाईनं तरी अर्ज दिला. वर म्हणाली, "बारावी पास पोराला ओल्या दारूचा आन् वाळल्या दारूचा वास वळखता येतो का, इचारा जरा."

पगार वाढणार होता, ते तर होतंच. पण खरं कारण होतं शांताक्का. दोघी एका शेडमध्ये मांडीला मांडी लावून बसायच्या. सात वर्षांमागं दिवाळीच्या मालाची घाई होती. चौघींच्या शेडमध्ये मुकादमानं नऊजणी कोंबल्या. कडूबाई म्हणाली, "मुकादम, बाया कमी करा." तो म्हणाला, "काय होत न्हाय. हात चालवा." ठिणगी कुठून पडली ते कुणालाच कळलं नाही. शांताक्काचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, दोन बोटं गेली. मुकादम गाव सोडून गेला आन् शांताक्का पुन्हा कारखान्याच्या रस्त्याला फिरकली नाही.

कडूबाईला तेव्हापासून एकच गोष्ट डाचत होती. मजूर बाईनं 'थांबा' म्हटलं की ती कामचोर ठरते, आन् सुपरवायझरनं म्हटलं की तो नियम होतो. तिला ती जागा पाहिजे होती ती ह्या एका शब्दासाठी.

मुलाखतीची तयारी लेकीनं, अयोध्यानं, अंगावर घेतली. ती धाराशिवला कॉलेजात शिकते. मोबाइलवर बघून तिनं वहीभर प्रश्न उतरवले आन् आईला समोर बसवलं.

"आई, तुझी कमजोरी काय ते सांग."

"तोंड."

"असं न्हाय म्हणायचं गं! मी कामात लई बुडून जाते, असं म्हणायचं."

"बुडायला म्या काय हिरीत उतरले व्हय?"

"बरं, पाच वर्षांनी तू सोताला कुठं बघतीस?"

"जित्ती," कडूबाई म्हणाली.

अयोध्यानं कपाळाला हात लावून वही मिटली. पण पोरगी हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी येरमाळ्याहून निळी, चकचकीत सिंथेटिक साडी घेऊन आली. "सुती साडीत गेलीस तर मजूरच वाटशील. हीच नेसायची." कडूबाईनं नाक मुरडलं, पण लेकीचं तोंड बघून गप बसली.

मुलाखत कारखान्याच्या ऑफिसात होती. उन्हाळा चढला होता. चार तरुण इस्त्रीच्या पँटा घालून आधीच येऊन बसले होते. मालक माणिकप्पा कपाळाला विभूती लावून कोपऱ्यात खुर्चीवर होते. सगळा कारभार आता त्यांचा मुलगा विरेश बघायचा. पुण्याहून शिकून आलेला, बोलायला गोड, पण घाईचा.

"मावशी, कॉम्प्युटर येतो?"

"न्हाय. शिकीन. तुमाला दारू मिसळता येती का?"

विरेशचा चेहरा पडला. कोपऱ्यातून मालक खाकरले. त्यानं पुढचा प्रश्न काढला, आन् तो नेमका वहीतलाच निघाला. "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"

अयोध्यानं घोकून घेतलेलं उत्तर ऐनवेळी कुठं पळालं देव जाणे! "जित्ती," कडूबाई बोलून गेली. "आन् माझ्या शेडमधल्या बायाबी जित्त्या."

तरुण हसले. विरेश उठला. "आता प्रॅक्टिकल. तीन नंबर शेडमध्ये काम चालू आहे. आत चला आणि चुका शोधून दाखवा."

सगळे निघाले. कडूबाई सगळ्यांच्या पुढं, कारण चुका शोधायच्या म्हटल्यावर तिच्याइतका उल्हास कुणाला असणार? पण शेडच्या दाराशी आली आन् साडी पोटरीला चिकटली. कोरड्या हवेत बारीक चटचट आवाज आला. असल्या कापडातनं ठिणगी उडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आत चार बाया दारू भरत होत्या. आत जावं तर जिवाशी खेळ, न जावं तर हातातोंडाशी आलेली जागा जाणार. पाठीमागून बूट वाजत आले.

ती गर्रकन वळली आन् दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"थांबा!"

"मावशी, बाजूला व्हा," विरेश म्हणाला.

"न्हाय व्हणार. माझी साडी चटचट करतीया. असल्या कापडात दारूपशी जायचं न्हाय, म्हणून म्या आत जाणार न्हाय. तुमच्या पँटा तसल्याच. पायात बूट, खिशात मोबाइल. आत चौघींची जागा, चौघी बसल्यात. तुमी कुठं मावणार?"

"मावशीला भ्या वाटतंय," एकजण म्हणाला.

"व्हय, वाटतंय! ज्याला वाटत न्हाय त्यानं घरी बसून फुलबाज्या उडवाव्या."

विरेशला राग आला. "प्रॅक्टिकल दिलं नाही तर तुमचं नाव कटेल."

"कटू द्या की! पर म्या हितं उभी हाय तवर ह्या दारातनं कुणी आत जाणार न्हाय. तुमीबी न्हाय, धाकटे मालक."

माणिकप्पा मागून हळूहळू चालत आले. दारावरच्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "विरेश, ही पाटी कुणी लावली?"

"मी लावली, अप्पा."

"वाच बरं मोठ्यानं."

विरेशनं वाचली. सुती कपडे, अनवाणी पाय, मोबाइल बाहेर, एका वेळी चारच माणसं. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. पण पोरगा आडमुठा नव्हता. त्यानं खिशातला मोबाइल काढून बंद केला आन् म्हणाला, "मावशी, सोमवारपासून या."

दुसरी बाई असती तर पाया पडली असती. कडूबाई कसली! "तोंडी नगं. कागद द्या. आन् त्याच्यात लिवा, म्या थांबा म्हणलं की काम थांबल. मालकांनी चालू करा म्हणलं तरीबी."

विरेशनं बापाकडं बघितलं. माणिकप्पा हसत म्हणाले, "लिही." त्यानं लिहिलं. कडूबाईनं दोनदा वाचून घेतलं, मग सही केली.

सोमवारी जुनी, विटकी सुती साडी नेसून ती दारात उभी राहिली. शेजारी मोबाइल ठेवायला प्लास्टिकची टोपली होती. एकेक बाई तपासून आत सोडत होती. शेवटी उजवा हात पदराखाली घेतलेली एक बाई आली. शांताक्का होती ती. तब्बल सात वर्षांनी!

"तू दारात हाईस म्हणून आले," शांताक्का म्हणाली. "डाव्या हातानं कागद चिकटवीन."

कडूबाईचे डोळे भरले. पण हात आधी शांताक्काच्या पदराकडं गेला. तिनं कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं.

"सुतीच हाय," शांताक्का म्हणाली. "मी इसरन का?"

"तू न्हाय इसरायची. पर बघितल्याबिगर म्या कुणालाच आत सोडत न्हाय," कडूबाई म्हणाली आन् दारातून बाजूला झाली.