उजवीकडची नथ

सई, ओम,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो पाहून सईने विचारलं, "आजी, हा फोटो उलटा छापलाय का? नथ चुकीच्या बाजूला आहे." मी विषय बदलला. पण गेल्या महिन्यात उंब्रजच्या आत्याबाई गेल्या. आता ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

आधी सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. साताऱ्यात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं... वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की मी त्याला उभं करून पुरावा मागायची. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

फोटो उलटा नाही. ती तुमच्या आजोबांची आजी. तिचे यजमान, म्हणजे आबा, तंबूतल्या सिनेमात गोष्ट सांगायचे. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर उमटणारी अक्षरं फार थोड्यांना वाचता येत, म्हणून शेजारी एक माणूस काठी घेऊन उभा राही आणि सगळ्या पात्रांचं बोलणं आपणच बोले. औंधच्या यात्रेत तंबू लागला की पुरुष पडद्यापुढे बसत, बायका पडद्यामागे. कापड ओलं केलेलं असे, त्यामुळे चित्र आरपार दिसे... फक्त डाव्याचं उजवं होऊन. बायकांच्या बाजूला गोष्ट सांगायला आबांनी आपल्या बायकोला उभं केलं होतं.

त्या काळची नटी मिस शेवंती. तिचं नाव आज इंटरनेटवरही सापडत नाही, पण तेव्हा लोक तिची तसबीर देवाशेजारी लावत. तिची नथ सगळ्यांसारखी डावीकडेच होती. मागे बसलेल्या बायकांना मात्र ती उजवीकडे दिसे. मग त्यांनी आपल्या मुलींची नाकं उजवीकडे टोचली. आजोबांच्या आजीने तर स्वतःचं पुन्हा टोचून घेतलं. आबा हसले, तेव्हा म्हणाली म्हणे, "तुमची तिकडची खरी असंल. आमची हीच."

ती तरुणपणीच गेली. आबांनी तंबू सोडला आणि घरात सिनेमाचं नावही निघेनासं झालं. तुमच्या आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी धरली असेल, असं ते स्वतःच म्हणायचे. हे सगळं मला आत्याबाईंनी सांगितलं, पण नंतर. त्या दुपारनंतर.

आजोबांना झटका आला तेव्हा तुम्ही लहान होतात. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मी रोज समोर बसून शब्द म्हणून घ्यायची. पाणी. चहा. सुमन. ओठ हलायचे, आवाज येत नसे. सुमन हे माझं नाव त्यांनीच लग्नात तांदळात लिहिलेलं. मला त्यांच्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं. दुसरं काहीही मागत नव्हते मी.

एकदा आत्याबाई भेटायला आल्या. आजोबांच्या त्या सख्ख्या आत्या, नव्वदी ओलांडलेली, पण जीभ शाबूत.

"आगं मास्तरीणबाई, आजारी मानसाची बी शाळा घेतीस व्हय? चा टाक की जरा."

"टाकते, आत्याबाई. आधी साखर विचारू का डॉक्टरांना?"

"इचार. आन् मी मेल्यावर सांग मला."

दुपार कलली होती. पुढच्या खोलीत, आजोबांच्या पलंगासमोर बाल्कनी. मी नुकतीच धुतलेली पांढरी चादर तिथल्या दोरीवर टाकली होती. पलीकडून शेजारीण वाळवण गोळा करत होती, तिची सावली ओल्या चादरीवर पडली. आजोबा तिकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर दोनदा ठोकलं.

आणि बोलले. स्पष्ट.

"गप ऱ्हावा गं बायांनो! ही बगा, निगाली दिवा घिऊन. उजवीकडची नथ कशी लखलखतीया... कोन आली गं?"

आवाज त्यांचाच. पण जन्मभर इंजिनिअरची नोकरी केलेला हा माणूस घरात असं कधी बोलला नव्हता. ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "कोण आलंय? पाणी हवंय का?" ते थांबूनच होते.

माझ्या मागून आत्याबाई म्हणाल्या, "आमची आली!"

तसे ते पुढे बोलू लागले. हरवलेल्या नवऱ्याला शोधत रानात निघालेली राणी, विझू पाहणारा दिवा, नदी. मध्येच विचारायचे, "कोन आली गं?" आत्याबाई दरवेळी उत्तर द्यायच्या. रेकॉर्ड करावं तर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मी उठले तर ते थांबतील, या भीतीने हलले नाही. राणी नदीत उतरली तोवर चादर वाळून वाऱ्यावर हलायला लागली होती. ते गप्प झाले.

आत्याबाईंचा हात नाकाच्या उजव्या बाजूवर होता. "आबा न्हवं ह्यो. आबा डावी म्हनायचा. आई हाय ही."

"तुम्ही कधी सांगितली होती का यांना ही गोष्ट? लहानपणी?"

"मला तरी कुटं याद हुती, पोरी? त्यानं इचारलं, तवा तोंडातनं आलं. आई इचारायची, तवा पडद्यामागच्या समद्या बाया असंच म्हनायच्या."

डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं कधी कधी मेंदूत शाबूत राहतं. मी विचारलं, "आणि कधीच न ऐकलेलं?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी ती चादर रोज दुपारी भिजवून दोरीवर टाकू लागले. सावली पडावी म्हणून पलीकडे जाऊन उभी राहायची, मग आत येऊन म्हणायची, "आमची आली." माझ्या शुद्ध उच्चारात. ते चादरीकडे बघायचे, कधी माझ्याकडे. बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले. माझं नाव आलं नाही. मला रडू आलं नाही... त्या दिवशीही चादर धुतली, घडी करून कपाटात ठेवली.

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. होईल असं वाटत नाही.

मिस शेवंतीची एकही फिल्म आज कुठे शिल्लक नाही. पडद्याच्या त्या बाजूला बसलेलंही आता कुणी नाही. भिंतीवरचा फोटो आहे. चादर आहे. आणि "कोन आली?" असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं, ते आता आपल्या तिघांना माहीत आहे.

— आजी